पिल्लाच्या पोटात 'थर असलेली पिशवी' दिसली आहे, जन्मजात दोष म्हणतात. पुढे काय करावं?

कुळागर_सावईवेरे
५ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार. या विभागात नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) सुपारीच्या खोपीत गेल्या डिसेंबरात आमची कुत्री काळी व्याली. पाच पिल्लं. चार घरोघर गेली, पाचवा आमच्याकडे राहिला. रंग काजूच्या पिकल्या बोंडूसारखा, म्हणून नावही बोंडूच. भावंडं आता बारा-बारा किलोंची झालीत, हा सात महिन्यांचा होऊन ६.२ किलो.

आईचं दूध सुटल्यापासून एकच रडगाणं. आठ-दहा दिवस व्यवस्थित खातो, मग एक दिवस तोंड फिरवतो, पोट फुगतं, पिवळा फेस ओकतो, दोन दिवस कोपऱ्यात पडून राहतो आणि पुन्हा उठून शेपटी हलवत ताटलीपाशी येतो. जंताचं औषध तीनदा झालं. चौथ्या महिन्यात पार्व्होची (पिल्लांच्या विषाणूजन्य उलट्या-जुलाबांची) टेस्ट केली, निगेटिव्ह. चार दिवस सलाईन लावलं. पाचव्या महिन्यात एका दवाखान्यात बेरियम (एक्स-रेत आतड्याची वाट दाखवणारं औषध) पाजून चार एक्स-रे काढले. साधारण तीन तासांत बेरियम मोठ्या आतड्यात उतरलं. "कुठेही अडत नाही, पोट नाजूक आहे" असं सांगून घरी पाठवलं. तेव्हापासून मी उकडा भात आणि कोंबडी यावरच त्याला सांभाळतेय.

गेल्या सोमवारी पावसात फिरून आला म्हणून गोचीड काढत बसले होते. त्याला उताणा घेतला आणि डाव्या बरगडीच्या खाली, थोडं मागे, लिंबाएवढं काहीतरी बोटांना लागलं. कडक नाही, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. दाबलं की निसटून पलीकडे जातं. त्याला दुखत नव्हतं, माझा हात चाटत होता. माझे मात्र हातपाय गार पडले.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. पोटाचे केस काढून सोनोग्राफी केली. काळी गोल पिशवी, ४.५ बाय ३ सेंटिमीटर. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ताई, ही पांढरी रेघ आणि तिच्या बाहेरची काळी रेघ बघा. आतड्याच्या भिंतीला असते तशीच या पिशवीलाही आहे." त्यांचा अंदाज, जन्मतःच आतड्याच्या शेजारी दुसऱ्या आतड्याचा तुकडा तयार झालाय. ड्युप्लिकेशन सिस्ट म्हणाले. पण स्वतः असा कुत्रा पाहिलेला नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आता मुंबईला नेऊन सीटी करावं की सरळ पोट उघडावं, हा प्रश्न आहे. आणि जन्मापासून हे होतं तर बेरियममध्ये का दिसलं नाही? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.


डिचोलीवाला
५ जुलै, रात्री १०:४८

ताई, वाचून वाईट वाटलं. हे फणसाचे दिवस, आठळी गिळली नसेल ना? आमच्या शेजारच्या कुत्र्याच्या आतड्यातून दोन आठळ्या काढल्या होत्या.


कुळागर_सावईवेरे
५ जुलै, रात्री ११:०२

मीही हेच विचारलं, दादा. डॉक्टर म्हणाले, आठळी असती तर पुढचा काठ चकचकीत पांढरा दिसला असता आणि तिच्या मागे काळी सावली पडली असती. इथे उलट आहे, पिशवीच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो. म्हणजे आत पाणी आहे.


पेडण्याचा_पशुवैद्य
६ जुलै, सकाळी ६:४०

ताई, सविस्तर लिहितो, कारण तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेली ती रेघ हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

कुत्र्याच्या आतड्याची भिंत चांगल्या प्रोबने (सोनोग्राफीत पोटावर फिरवतात त्या यंत्राने) पाहिली की पाच पट्टे दिसतात, एक पांढरा एक काळा असे आलटून पालटून. सगळ्यात आत पोकळीला लागून पांढरी रेघ, मग म्युकोसाचा (आतल्या अस्तराचा) जाड काळा पट्टा, मग सबम्युकोसाची (अस्तराखालच्या थराची) पांढरी रेघ, मग स्नायूचा काळा पट्टा आणि बाहेर सेरोसाची (वरच्या आवरणाची) बारीक पांढरी रेघ. जेजुनमची (लहान आतड्याच्या मधल्या भागाची) भिंत बोंडूएवढ्या कुत्र्यात साधारण ४ मिलिमीटरपर्यंत जाड असते, ड्युओडेनमची (जठराला लागून असलेल्या पहिल्या भागाची) त्याहून थोडी जास्त. साध्या गळूला किंवा पाण्याच्या गाठीला असे पट्टे नसतात. गळूची भिंत जाड, ओबडधोबड आणि आतला पू गढूळ दिसतो. आत पाणी आणि भिंतीला आतड्याचे थर, हे दोन्ही एकत्र दिसलं की ड्युप्लिकेशनचा संशय पक्का होत जातो.

पिल्लांमध्ये फसवणारी पहिली गोष्ट म्हणजे इंटससेप्शन, आतड्यात आतडं शिरणं. पार्व्हो आणि जंतांनंतर ते होतं आणि आपल्याकडे ते या जन्मजात दोषापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतं. ते आडवं पाहिलं तर कांदा कापल्यासारखी चकत्यांत चकती दिसते आणि मध्ये बऱ्याचदा चरबीची पांढरी कोर असते. तुम्ही सांगता तशी एकसंध काळी पोकळी त्यात नसते.

आता बेरियमबद्दल. ड्युप्लिकेशनची पिशवी पुष्कळदा बंद असते. शेजारच्या आतड्याशी तिची भिंत सामाईक, पण आतून वाट नाही. बेरियम मुख्य वाटेने जातं, पिशवीत शिरतच नाही. तीन तासांत मोठ्या आतड्यात पोचलं याचा अर्थ त्या दिवशी वाट पूर्ण बंद नव्हती, एवढाच. बाहेरून काही दाबतंय का, हे त्याच फिल्मवर आतड्याचं वेटोळं कुठे सरकलंय आणि कुठे निमुळतं झालंय यावरून शोधावं लागतं. त्या फिल्म जपून ठेवल्या असतील तर नव्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

शिवाय पिल्लाच्या पोटाचा साधा एक्स-रे मुळातच धूसर येतो. मोठ्या कुत्र्यात अवयवांच्या मध्ये चरबी असते, म्हणून त्यांच्या कडा उठून दिसतात. लहान पिल्लात ती चरबी नसते, सगळं एका करड्या रंगात मिसळून जातं. म्हणून वयाने लहान आणि अंगाने रोड जनावरात मी सोनोग्राफीवर जास्त विसंबतो.


पोफळी
६ जुलै, सकाळी ९:१०

डॉक्टर, एक शंका. जन्मजात असेल तर सात महिने कसे निघाले? जन्मतःच त्रास व्हायला नको होता का?


पेडण्याचा_पशुवैद्य
६ जुलै, दुपारी २:३५

पिशवीच्या आतल्या अस्तरातून स्राव पाझरत राहतो आणि बाहेर पडायला वाट नसते. जन्माच्या वेळी ती द्राक्षाएवढीही असू शकते. हळूहळू भरते, शेजारच्या आतड्याला चेपते. जेवण जड झालं की कोंडतं, ओकून मोकळं झालं की काही दिवस बरे जातात. ताईंनी लिहिलेलं आठ-दहा दिवसांचं चक्र याच्याशी जुळतं. काही कुत्र्यांत हे प्रौढपणी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना सापडतं.


सावली_वाचणारी
६ जुलै, रात्री ९:२०

मी मडगावला माणसांची, मुख्यतः लहान मुलांची सोनोग्राफी करते. जनावरांची डॉक्टर नाही, तेव्हा जे लिहिते ते मुलांच्या अनुभवातून, पेडण्याच्या डॉक्टरांनी पडताळून घ्यावं.

बोस्टनचे बालशल्यविशारद विल्यम लॅड यांनी १९३७ साली अन्नमार्गाच्या या सगळ्या गाठींना ड्युप्लिकेशन असं एकच नाव सुचवलं. त्याआधी प्रत्येक जागी वेगळं नाव होतं. ओळखायच्या खुणा तीन: पिशवीला गुळगुळीत स्नायूचा थर हवा, आत अन्नमार्गाचं अस्तर हवं आणि ती अन्नमार्गाला चिकटलेली हवी. पडद्यावर आम्ही या खुणांच्या सावल्या शोधतो.

नुसते थर दिसले म्हणून मी थांबत नाही. थर कधी कधी इतर गाठींनाही दिसल्यासारखे वाटतात. मी शोधते तो सांधा, जिथे आतड्याचा स्नायूचा काळा पट्टा दुभंगतो, एक फाटा आतड्याभोवती जातो आणि दुसरा पिशवीभोवती. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार. तो सापडला की भिंत सामाईक आहे हे डोळ्यांनी दिसतं. दुसरं म्हणजे वाट पाहणं. प्रोब एका जागी धरून पाच-दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. पिशवीची भिंत स्वतः आकुंचन पावताना, लाट गेल्यासारखी हलताना दिसली तर ती आतड्याची नातलग आहे. गर्दीच्या ओपीडीत ही दहा मिनिटं कुणाला मिळत नाहीत, आणि माझ्या मते निदान हुकतं ते बहुतेक वेळा तिथेच.

आणखी एक. पोटाचा नेहमीचा वाकडा प्रोब साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा असतो. सहा किलोच्या पिल्लाला त्याने बारीक थर दिसणार नाहीत. १० मेगाहर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहून वरचा सरळ प्रोब असेल तिथे पुन्हा करून घ्या, ताई.


सत्तरीकर
७ जुलै, रात्री ८:५५

माझा अनुभव वेगळ्या दोषाचा आहे, पण लिहितो, कुणाला उपयोगी पडावा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली. त्यातल्या एका मादी पिल्लाचं पोट आठव्या-नवव्या दिवशी ढोलासारखं ताणलं. ती सारखी कुंथायची. शेपटी उचलून पाहिलं तर गुदद्वाराच्या जागी नुसता खळगा, वर कातडी. इतके दिवस कळलं नाही कारण आईच पिल्लांना चाटून साफ करते आणि घाण खाऊन टाकते. पाच पिल्लं स्वच्छ, सहावंही स्वच्छ. कुणाच्या लक्षात येणार?

डॉक्टरांनी पिल्लाचं डोकं खाली, मागचा भाग वर धरून आडवा एक्स-रे काढला. आतड्यातला वायू वर चढतो आणि बंद टोकाशी जाऊन थांबतो. त्या काळ्या बुडबुड्यापासून कातडीपर्यंत किती अंतर आहे ते मोजलं. नुसता पातळ पडदा असेल तर काम सोपं, टोक वर ओटीपोटात असेल तर अवघड. आमच्या पिल्लाचं टोक खूप वर होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेलं, पण तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. २४० ग्रॅमचा जीव होता.

आता घरात वेत झालं की पहिल्याच दिवशी मी प्रत्येक पिल्लाची शेपटी उचलून बघतो आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो.


पेडण्याचा_पशुवैद्य
७ जुलै, रात्री १०:३०

सत्तरीकर, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मादी पिल्लात असा दोष असेल तर कधी कधी शी योनीमार्गातून येते. बाहेरून सगळं चालू आहे असं वाटत राहतं. तेव्हा त्या वाटेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट भरून एक्स-रे काढला की आतलं भोक दिसतं.


पुण्यात_राहणारी_फोंडेकर
८ जुलै, सकाळी ११:१५

मी ठामपणे सीटीच्या बाजूने आहे. पोट उघडून मग शोधत बसण्यापेक्षा आधी नकाशा हातात असलेला बरा. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय, तिथे सीटीची सोय आहे. प्रवास लांबचा आहे, मान्य. पण एकदाच करायचाय.


पेडण्याचा_पशुवैद्य
८ जुलै, रात्री ९:४०

सीटीच्या विरोधात मी मुळीच नाही. शिरेतून आयोडीनचं औषध दिलं की पिशवीची भिंत आतड्यासारखीच उजळते, आतलं पाणी काळंच राहतं. रक्तवाहिनी कुठून येते ते समजतं. पिशवी ड्युओडेनमच्या वळणात, स्वादुपिंड आणि पित्ताच्या नळीला लागून असेल किंवा ओटीपोटात गुदाशयामागे असेल, तर सीटीशिवाय मी स्वतः हात घालणार नाही. तिथे एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं की जन्माचं नुकसान.

पण बोंडूची पिशवी हाताने सरकते. ताईंच्या बोटांखालून ती निसटली, ही फार महत्त्वाची खूण आहे. ड्युओडेनमचा वरचा भाग बांधलेला असतो, तो असा फिरत नाही. जेजुनम आणि इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) लांब पडद्यावर, म्हणजे आतडं पाठीकडे धरून ठेवणाऱ्या पातळ झालरीवर, लटकलेलं असतं, ते फिरतं. तिथली गाठ आतड्याच्या तुकड्यासकट काढता येते. सीटीसाठी भूल द्यावी लागते, मग शस्त्रक्रियेसाठी पुन्हा भूल, आणि मध्ये दहा-बारा तासांचा प्रवास. एवढ्या रोड पिल्लाला मी आधी चांगली सोनोग्राफी पुन्हा करून घेईन. तिच्यात जागा ठरली नाही तरच मुंबई.

सोनोग्राफी करणाऱ्याने पिशवीपुरतं पाहून थांबू नये. सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा मळसूत्री कप्पा, कुत्र्यात उजवीकडे असतो. तो डावीकडे सापडला तर आतड्याची फिरकी गर्भातच चुकली असेल किंवा मोठं आतडं जन्मतः आखूड असेल. एक दोष असलेल्या पिल्लात दुसरा शोधावाच. दोन्ही मूत्रपिंडंही पाहून घ्या.

आणि रक्त तपासल्याशिवाय टेबलावर घेऊ देऊ नका. गोचीड काढत होतात असं लिहिलंय. पावसाळ्यात गोव्यात ते वाक्य वाचलं की मला आधी प्लेटलेट आठवतात. गोचिडांच्या आजारात त्या उतरतात आणि रक्त थांबत नाही.


कुळागर_सावईवेरे
१४ जुलै, रात्री ८:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पणजीला जाऊन सोनोग्राफी पुन्हा केली, बारीक प्रोबने. दहा तास उपाशी ठेवलं होतं, म्हणजे आतड्यात वायू कमी. (डॉक्टरांनी बजावलं की दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते.) व्ही आकाराच्या मऊ गादीत उताणा ठेवला, मी पुढचे पाय धरले. बाहेर पाऊस कोसळत होता, मध्येच वीज गेली, मशीन बॅटरीवर चाललं. सावली_वाचणारी ताईंचा प्रतिसाद मी छापून नेला होता. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला आणि स्टूल ओढून बसले.

सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांनी माझं बोट धरून पडद्यावर टेकवलं. काळा पट्टा खरोखरच दोन वाटांना फुटला होता. आणि पिशवीच्या कडेवरून एक लाट सरकत गेली, तळ्यावर वारा यावा तशी. दोनदा. सीकम उजवीकडेच आहे, दोन्ही मूत्रपिंडं ठीक. पिशवी इलियमला चिकटलेली वाटते, सीकमच्या थोडी अलीकडे.

पण प्लेटलेट ८२ हजार. एर्लिकियाची (गोचिडांतून होणाऱ्या आजाराची) टेस्ट पॉझिटिव्ह. त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लीन सुरू केलंय, शस्त्रक्रिया पुढे ढकलली. तोवर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं पातळ खाणं.


सावली_वाचणारी
१४ जुलै, रात्री ९:३०

मी इथे एकटीच बसून टाळी वाजवली. सांधा दिसला, आता माझ्या मनात फारशी शंका नाही. तरी शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचा. काढलेला तुकडा तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये जायलाच हवा, हे आधीच बोलून ठेवा.


पोफळी
२ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

ताई, बोंडू कसा आहे?


कुळागर_सावईवेरे
२ ऑगस्ट, रात्री ९:००

मध्ये एकदा ओकला. प्लेटलेट दोन लाख दहा हजार झाल्या आहेत. येत्या आठवड्यात तारीख मिळेल.


कुळागर_सावईवेरे
१३ ऑगस्ट, रात्री ११:४०

परवा शस्त्रक्रिया झाली. आज पहिल्यांदा त्याने पेजेची निवळ चाटली, म्हणून आता लिहायचं धैर्य आलं.

डॉक्टरांनी आधी सगळं आतडं जठरापासून सीकमपर्यंत बोटांमधून फिरवून पाहिलं, दुसरं काही सापडलं नाही. पिशवी इलियमच्या पडद्याच्या बाजूला होती, सीकमपासून वीतभर अलीकडे. दोघांना रक्त एकाच वाहिनीतून, म्हणून नुसती पिशवी सोलून काढता आली नाही. आतड्याचा ९ सेंटिमीटरचा तुकडा तिच्यासकट काढला आणि दोन टोकं जोडली. जोडावर सलाईन भरून गळत नाही ना ते पाहिलं. मग त्यांनी मला आत बोलावून ट्रे दाखवला. पिशवी चिरली तेव्हा आतून पेजेसारखं पांढुरकं, घट्टसर पाणी आलं. आतलं अस्तर गुलाबी, मखमलीसारखं. शेजारी उघडलेल्या आतड्याचं अस्तरही हुबेहूब तसंच.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत जोड सुटायची भीती असते म्हणून सांगितलंय. दर चार तासांनी ताप बघतेय.


सत्तरीकर
१४ ऑगस्ट, सकाळी ५:५०

शांतादुर्गा सांभाळो त्याला.


कुळागर_सावईवेरे
३० ऑगस्ट, सायंकाळी ७:१५

पॅथॉलॉजीचा अहवाल आला. दोन वेगळ्या पोकळ्या, दोन्हींना लहान आतड्याचं अस्तर, मध्ये एकच सामाईक स्नायूचा थर, आतून वाट नाही. ड्युप्लिकेशनच.

बोंडू ७.९ किलो झालाय. शस्त्रक्रियेपासून एकदाही ओकलेला नाही. काळीचं निर्बीजीकरणही करून घेतलं.

पेडण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट राहिली होती. बेरियमच्या चार फिल्म मी कपाटात ठेवल्या होत्या. आज टाके बघायला गेलो तेव्हा नेल्या. डॉक्टरांनी त्या खिडकीच्या काचेला लावल्या. पहिल्या दोन फिल्ममध्ये काही नाही. तिसरीत बेरियमने भरलेलं एक वेटोळं कमानीसारखं वळलंय, ओढा मोठ्या दगडाला वळसा घालतो तसं, आणि कमानीच्या पोटात गोल, रिकामी, करडी जागा आहे. तिथेच आतडं सुतळीएवढं बारीक झालंय. ही फिल्म मे महिन्यातली.

चारही फिल्मचे फोटो खाली जोडतेय. तिसऱ्या फिल्मवर डॉक्टरांनी पेन्सिलने गोल केलाय, तो नीट दिसावा म्हणून फोटो उजेडासमोर धरून काढलाय.